बरा होता

बुधवारी संध्याकाळी, हॅलिफॅक्सच्या उतारावरच्या लॉन्ड्रीत
आम्ही चौघं बसतो, केशरी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर,
समोर आपापल्या चादरी गोल काचेआड
आपटत, फेसाळत, पुन्हा आपटत.
घरचं मशीन दोन वर्षांपूर्वी बंद पडलं.
नवं घ्यायचं राहून गेलं, असं मी मुलाला सांगते.
राहून गेलेलं नाही.

ग्लेनिसने या आठवड्यात दीपगृहाचा सिनेमा पाहिला.
"रडले," म्हणाली, "पण पैसे वसूल नाही झाले.
रडू फार उशिरा आलं, आईस्क्रीम संपल्यावर."
फर्जाना रात्रपाळी उरकून दुपारच्या खेळाला गेली,
नायक बोटीत चढला तेवढ्यात झोपली,
दिवे लागल्यावर उठली.
तरी शेवटावर तिचं मत ठाम:
तो परत येत नाही,
बायकोच दीपगृह सांभाळते
आणि पहिल्याच महिन्यात पगार वाढवून मागते.
"तसं काही झालंच नाही," ग्लेनिस म्हणाली.
मग थोडं थांबून, "व्हायला हवं होतं."

क्लाइव्ह सिनेमे पाहतो ते जमिनीसाठी.
एकतीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत मागावर होता.
राणी रडो, राजा मरो,
याची नजर त्यांच्या पायाखाली.
"तीनशे वर्षांपूर्वीचा महाल, आणि गालिचा नायलॉनचा!
तिथंच माझं मन उडालं."

मग सगळे माझ्याकडे वळले.

मी चुकीच्या दाराने आत शिरले होते.
एक म्हातारा खेचराला नदी ओलांडायला शिकवत होता,
सव्वा तास.
भाषा कळेना, खालची अक्षरं पुढच्याच्या डोक्याआड.
पाय गारठलेले, उठवेना.
"कसा होता?"
"बरा होता."
तोंडातून मराठीच आलं.
"बरा म्हणजे?"

म्हणजे चांगला. नाही, चांगल्याच्या एक पायरी खाली.
चांगला म्हटलं की माणूस शेफारतो,
म्हणून आमच्यात बरा.
नवऱ्याने चाळीस वर्षं माझ्या आमटीला
एवढंच सर्टिफिकेट दिलं,
आणि दोनदा वाढून घेतली.
शिवाय ताप उतरला की माणूस होतो, तोही बराच.

क्लाइव्ह विचारात पडला.
"म्हणजे सिनेमा आजारी होता?"
"असेल. शेवटी उठून बसला."
"आमच्याकडे नॉट बॅड म्हणतात," तो म्हणाला,
"लग्नाच्या दिवशी बायकोला तेच म्हणालो होतो."
"माहीत आहे," ग्लेनिस म्हणाली, "सगळ्या गल्लीला माहीत आहे."

पुढे तीन बुधवार त्याची खुर्ची रिकामी.
आम्ही तिच्यावर कोट ठेवले नाहीत.
सिनेमे पाहिले, सांगितले, भांडलो.
एकदा फर्जाना मध्येच म्हणाली,
"त्या घरात नुसती फरशी होती,"
आणि कोणी काही बोललं नाही.

चौथ्या बुधवारी आला.
पिशवी लहान, शर्ट गळ्याशी सैल.
नमस्कार-चमत्कार काही नाही.
"वॉर्डात एक पाहिला. आवाज बंद होता, बरंच झालं.
त्यात एक जिना होता. लाल, कडेला फर्नची पानं.
आमच्या गिरणीचा, एकोणऐंशी सालचा.
त्यातलं एक पान उलटं विणलं गेलंय.
ते माझं."
"दिसलं?" फर्जाना म्हणाली.
"तेवढ्याशा पडद्यावर कसं दिसणार?
पण होतं."

सिनेमाचं नाव कोणी विचारलं नाही.
ग्लेनिसने ड्रायरमध्ये नाणं टाकलं,
स्वतःचं संपलं तेव्हा माझं.
क्लाइव्ह चादर सोडवता सोडवता म्हणाला,
"तुझा तो शब्द काय होता?"
"बरा."
त्याने दोनदा म्हणून पाहिला,
शेवटचा आ जरा लांबला,
मग एकेक मोजा काढून
आत टाकू लागला.